फोटोच्या पोटात पत्ता

सुरुवातीलाच सांगतो, हा लेख घाबरवण्यासाठी नाही. चिडून लिहिलाय. (घाबरवणारे फॉरवर्ड तुमच्या फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी येतच असतील, त्यात माझी भर नको.)

चीड कशाची? तर आपण लोक. कुरियरचं खोकं कचऱ्यात टाकण्याआधी त्यावरचा नाव-पत्त्याचा स्टिकर नखाने खरवडून काढणारे. रात्री कॅबवाल्याला बिल्डिंगच्या दारात न नेता गेटवरच सोडायला सांगणारे. आधारकार्डाच्या झेरॉक्सवर "फक्त सिमकार्डसाठी" असं तिरकं लिहिणारे. इतके हुशार, इतके सावध. आणि तेच आपण दिवसाला दहा फोटो इकडेतिकडे पाठवतो, ज्यातल्या प्रत्येकाच्या पोटात घराचा पत्ता असू शकतो. नुसता पत्ता नाही, कुठल्या वारी किती वाजता आपण त्या पत्त्यावर होतो तेही, सेकंदासकट.

ज्यांना हे माहितीये त्यांनी पुढचे दोन-तीन परिच्छेद सोडले तरी चालतील. बाकीच्यांसाठी थोडं नमन.

डिजिटल फोटो म्हणजे फक्त चित्र नसतं, ती फाइल असते. जेपेग फाइल उघडली की चित्राचा डेटा सुरू व्हायच्या आधी एक कप्पा असतो. त्याला एक्झिफ म्हणतात. १९९५ साली जपानमधल्या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या संघटनेने, जेइडाने, हे स्टँडर्ड आणलं. हेतू अगदी सात्त्विक होता. रोलच्या जमान्यात मन लावून फोटोग्राफी शिकणारी माणसं खिशात एक छोटी वही ठेवायची. अमुक फोटो, अॅपर्चर इतकं, शटर स्पीड इतका. वही आणि रोल यांची जोडी जमवण्यात जीव जायचा. कॅमेऱ्यानेच ही वही लिहावी आणि ती फोटोलाच चिकटलेली असावी, एवढीच कल्पना. अक्षांश-रेखांशाचे रकानेही त्याच दशकात स्टँडर्डमध्ये आले, पण तेव्हा कॅमेऱ्यात जीपीएस असणारा माणूस विरळाच. रकाने रिकामेच राहायचे.

मग आले स्मार्टफोन. कॅमेरा, घड्याळ, जीपीएस आणि इंटरनेट एकाच डबीत. वही लिहिणारा तोच, तिच्या प्रती वाटणारा पण तोच. रिकामे रकाने भरायला लागले आणि कोणाला फारसा पत्ता लागला नाही. (शब्दश्लेष आपोआप झालाय, माफ करा.)

काय काय असतं त्यात? फोनची कंपनी आणि मॉडेल. फोटो काढल्याची तारीख आणि वेळ. अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, आणि बऱ्याच फोनमध्ये कॅमेऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला होतं तेसुद्धा. मोठ्या कॅमेऱ्यांत बॉडीचा सीरियल नंबर, कधी कधी लेन्सचाही. फोटो एडिट केला असेल तर कुठल्या सॉफ्टवेअरने केला ते. आणि एक छोटा थंबनेल, म्हणजे मूळ फोटोची चिमुकली प्रत. ही थंबनेल मोठी लबाड वस्तू आहे. काही जुनी सॉफ्टवेअर फोटो क्रॉप करायची, पण थंबनेल तशीच जुनी ठेवायची. २००३ साली अमेरिकेतल्या एका टीव्ही निवेदिकेने स्वतःच्या ब्लॉगवर फक्त चेहऱ्यापुरते कापलेले फोटो टाकले आणि लोकांनी थंबनेलमधून न कापलेले फोटो बाहेर काढले. बाईंनी कापायचं काम केलं होतं, सॉफ्टवेअरने ते अर्धंच ऐकलं.

शाळेत अक्षांश-रेखांश आपण दोन मार्कांसाठी घोकले, त्यामुळे ते आकडे बघून काही वाटत नाही. जरा हिशोब करू. एक अंश अक्षांश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. दशांश चिन्हानंतर चार आकडे असतील तर अचूकता ११ मीटरची. पाच आकडे असतील तर एका मीटरच्या आसपास. फोनचं जीपीएस मोकळ्या आकाशाखाली पाचेक मीटरपर्यंत बरोबर सांगतं, घरात थोडं घसरतं. म्हणजे "कोथरूड" नाही, "डहाणूकर कॉलनी"ही नाही, तर कुठल्या बिल्डिंगची कुठली बाजू, इतपत.

आता हे सगळं फक्त कागदावर आहे असं वाटत असेल तर काही किस्से.

२००७ साली हॅरी पॉटरचं शेवटचं पुस्तक प्रकाशनाच्या आधीच नेटवर फुटलं. कुणीतरी गालिच्यावर पुस्तक ठेवून पानन् पान फोटो काढले होते. आपला चेहरा दिसणार नाही याची काळजी घेतली होती, फक्त पान धरलेली बोटं दिसत होती. पण फोटोंच्या एक्झिफमध्ये कॅनन कॅमेऱ्याचं मॉडेल आणि सीरियल नंबर व्यवस्थित बसला होता. त्याच २००७ साली इराकमधल्या एका अमेरिकन तळावर नवी अपाची हेलिकॉप्टरं आली. सैनिकांनी हौसेने फोटो काढून नेटवर टाकले. फोटोंतल्या अक्षांश-रेखांशांवरून शत्रूने हेलिकॉप्टरं नेमकी कुठे उभी आहेत ते काढलं, उखळी तोफा डागल्या आणि चार हेलिकॉप्टरं गेली. ही गोष्ट अमेरिकन लष्कराने स्वतःच २०१२ साली आपल्या लोकांना सावध करताना सांगितली होती.

आणि सगळ्यात गमतीदार (म्हणजे काळ्या विनोदाच्या अर्थाने) किस्सा जॉन मॅकाफीचा. हो, तोच अँटिव्हायरसवाला. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये बेलिझमध्ये त्याच्या शेजाऱ्याचा खून झाला, पोलिसांना मॅकाफीची चौकशी करायची होती आणि साहेब फरार. व्हाइस मासिकाची मंडळी त्याच्यासोबत फिरत होती. त्यांनी ३ डिसेंबरला "आम्ही मॅकाफीबरोबर आहोत" अशी फुशारकी मारत त्याचा फोटो साइटवर टाकला. फोटो आयफोनचा, लोकेशन चालू. थोड्याच वेळात कोणीतरी आकडे वाचले: ग्वाटेमाला, रिओ दुल्सेच्या परिसरात. मॅकाफीने आधी दावा केला की आकडे मीच मुद्दाम बदलले होते, मग तो दावा मागे घेतला. काही दिवसांतच त्याला ग्वाटेमालात ताब्यात घेतलं. लोकांना कॉम्प्युटर सुरक्षा विकलेला माणूस, आणि त्याचा माग लागला तो एका फोटोतल्या चार ओळींमुळे.

यावर ठरलेलं उत्तर येतं. "अरे, पण मी काय मॅकाफी आहे का? माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाहीच."

या वाक्याचा मला मनापासून राग आहे. एक तर हे वाक्य जवळजवळ नेहमी एखादा पुरुष म्हणतो, स्वतःच्या नावावरच्या फ्लॅटमध्ये बसून. लपवण्यासारखं म्हणजे गुन्हाच, असं गृहीत धरलेलं असतं. पत्ता हा काही गुन्हा नाही, तरी तो न सांगायचा हक्क असतो. बाथरूमला कडी आपण काही चोरून करतो म्हणून लावत नाही.

उदाहरण देतो. माझ्या मावसबहिणीसाठी सध्या स्थळं बघणं चालू आहे. नोकरीसाठी ती पुण्यात एकटी भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. मागच्या वर्षी नकार दिलेल्या एका स्थळाने तीन महिने फोन करकरून तिचा जीव नकोसा केला होता. नंबर बदलून प्रकरण थांबलं. तेव्हापासून ती शहाणी झाली. बायोडेटामधून राहता पत्ता काढला, ऑफिसचं नाव काढलं, नुसतं "आयटी कंपनी, पुणे" ठेवलं. ज्या वधू-वर सूचक मंडळात नाव नोंदवलंय तेही बिचारे काळजी घेणारे, फोन नंबर दोन्हीकडून होकार आल्याशिवाय देत नाहीत. नियम चांगलाच आहे.

पण फोटो? फोटो मंडळाला "ओरिजिनल क्वालिटीचे" हवेत. व्हॉट्सअॅपवर साधा पाठवला तर म्हणे चेहरा मऊ होतो. म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर लॅपटॉपवरून ईमेल करा. आणि मग ते सगळे फोटो गूगल ड्राइव्हच्या एका फोल्डरमध्ये, ज्याच्याकडे लिंक त्याला उघडतो. तिला शेजारी बसवून, तिच्याच सांगण्यावरून, मी त्या लिंकवरून तिचा एक फोटो उतरवला. अबोली रंगाची साडी, खिडकीशी उभी, छान फोटो होता. प्रॉपर्टीजमध्ये गेलो, अक्षांश-रेखांश उचलले, नकाशात टाकले. लाल टाचणी तिच्या बिल्डिंगवर. वेळ रविवार सकाळ, म्हणजे सुट्टीच्या दिवशी ती इथे असते हेही आलं. ती काही बोलली नाही. उठली आणि मैत्रिणीला फोन लावून विचारलं, की तू त्याच मंडळात कुठला फोटो दिलायस?

मंडळाच्या काकांना फोन केला. काका सज्जन आहेत, पण त्यांचं पहिलं उत्तर होतं, "अहो, आजवर काही झालं नाही." आणि दुसरं, "काढलं तर क्वालिटी जाते हो." या दुसऱ्या वाक्यावर जरा थांबतो, कारण हा गैरसमज बऱ्याच शिकलेल्या लोकांचाही आहे. मेटाडेटा काढल्याने फोटोचा एक पिक्सेलही हलत नाही. चित्र वेगळ्या कप्प्यात आहे, वही वेगळ्या. व्हॉट्सअॅपवर चेहरा मऊ होतो तो फाइल पुन्हा दाबून लहान केल्याने, आणि त्या दाबादाबीत योगायोगाने वहीपण गळून पडते. दोन गोष्टी एकदम होतात म्हणून लोकांना वाटतं की त्या एकच आहेत. काकांना पटलं. शनिवारी जाऊन त्यांच्या कॉम्प्युटरवर अख्खा फोल्डर साफ करून दिला. ऐंशीएक मुलींचे फोटो, दहा मिनिटांचं काम, त्यातली सात मिनिटं काकूंचा चहा. पण त्याआधी जे डाउनलोड झाले ते झाले. ते परत मागवता येत नाहीत.

मग दोष कोणाचा? काकांचा? साठीच्या माणसाने जेपेगचे कप्पे शिकावेत अशी अपेक्षा मी करणार नाही. मावसबहिणीचा तर मुळीच नाही.

माझ्या मते पहिले आरोपी फोन बनवणारे. नवा फोन घेतल्यावर पहिल्यांदा कॅमेरा उघडला की एक चौकोन येतो: फोटोंमध्ये लोकेशन सेव्ह करायचं का? समोर पोरगं केक कापत असतं, सगळे ओरडत असतात, आणि तुम्ही "हो" दाबता. पुन्हा कधीच विचारत नाहीत. हे म्हणे तुमचं संमतीपत्र! २०१९ साली दोन बऱ्या गोष्टी झाल्या हे मान्य. अँड्रॉइड १० पासून दुसऱ्या अॅपला फोटोतलं लोकेशन वाचायला वेगळी परवानगी लागते. आणि आयओएस १३ पासून आयफोनवर शेअर करताना वर "ऑप्शन्स" लिहिलेलं येतं, तिथे लोकेशन बंद करता येतं. पण ते "ऑप्शन्स" कुणी दाबलंय का? माझ्या ओळखीत आयफोन मिरवणारे बरेच, हे बटण माहीत असणारे दोन. पत्ता पाठवायचा असेल तर बटण दाबा, असं उलटं का नाही ठेवलं? फोनच्या जाहिरातीत प्रायव्हसीचे मोठमोठे फलक लावायचे आणि डीफॉल्ट मात्र असं ठेवायचं.

दुसरे आरोपी सोशल मीडियावाले, आणि यांची गंमत न्यारी. फेसबुक, इन्स्टाग्राम हे फोटो लोकांना दाखवताना त्यातला एक्झिफ काढून टाकतात. छान. पण फोटो त्यांच्याकडे जातो तेव्हा वही असू शकते, आणि ती वही वाचणाऱ्यांत ते पहिले. म्हणजे जगापासून संरक्षण मिळालं, संरक्षण करणाऱ्यापासून नाही. वर फेसबुक स्वतःची एक सांकेतिक ओळ फोटोत घालतं हे २०१९ मध्ये बरंच गाजलं होतं. तिथून उतरवलेल्या फोटोच्या आयपीटीसी नावाच्या रकान्यात एफबीएमडीने सुरू होणारं एक शेपूट असतं. आपली वही काढली आणि त्यांची चिठ्ठी शिवली.

आणि तिसरे आरोपी आपण. आपण म्हणजे आयटीवाले. इथे माझा आवाज थोडा वाढतोय, सांभाळून घ्या.

जुन्या वस्तू विकायच्या साइट, भाड्याने फ्लॅट द्यायच्या साइट, सोसायटीची अॅप, शाळांची पोर्टलं, हे सगळं आपणच लिहितो ना? २०१० साली बर्कलीच्या इंटरनॅशनल कॉम्प्युटर सायन्स इन्स्टिट्यूटमधल्या गेराल्ड फ्रीडलंड आणि रॉबिन सोमर यांनी दाखवून दिलं होतं की क्रेग्जलिस्टवरच्या जाहिरातींच्या फोटोंतून जाहिरातदाराचं घर सापडतं. सोफा विकायचाय, फोन संध्याकाळी सहानंतर करा. म्हणजे दिवसा घरात कोणी नाही, आणि घर हे इथे. त्यांनी त्याला "सायबरकेसिंग" असं नाव दिलं होतं. इतकी वर्षं झाली, आणि तरी फोटो अपलोड करणारं नवं फीचर लिहिताना रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमध्ये "मेटाडेटा काढा" अशी ओळ मला माझ्या नोकरीत कुणी लिहिलेली दिसली नाही. मी एकदा घातली. मीटिंगमध्ये विचारलं गेलं, "याची बिझनेस व्हॅल्यू काय?" मग तिकीट निघालं, त्याला सगळ्यात खालची प्रायॉरिटी मिळाली आणि ते सहा स्प्रिंट पुढे सरकत राहिलं. (स्प्रिंट हा शब्द ज्याने शोधला त्याने आमचं ऑफिस बघितलं नसावं.)

तांत्रिक कारण म्हणून जे सांगतात ते मात्र ऐकण्यासारखं आहे. एक्झिफ काढला की काही फोटो आडवे होतात. खरंय. फोन बऱ्याचदा फोटो जसा सेन्सरवर पडला तसाच ठेवतो आणि "दाखवताना नव्वद अंश फिरवा" असा शेरा वहीत लिहितो. वही फाडली की शेराही गेला, आजोबा आडवे. यावर उपाय इतका सोपा आहे की सांगायला लाज वाटते: आधी शेऱ्याप्रमाणे पिक्सेलच खरोखर फिरवा, मग वही फाडा. इमेजमॅजिकमध्ये त्यासाठी ऑटो-ओरिएंट आणि स्ट्रिप हे दोन पर्याय आहेत, याच क्रमाने लिहायचे. रंगांचं प्रोफाइलही स्ट्रिपबरोबर जातं, ते हवं असेल तर वेगळं ठेवता येतं. पायथनवाल्यांची पिलो लायब्ररी तर सेव्ह करताना एक्झिफ मुद्दाम दिल्याशिवाय लिहीतच नाही. पण तिथे फसगत अशी की साफ झालेली असते ती रिसाइज केलेली प्रत, आणि मूळ फाइल वहीसकट त्याच स्टोअरेज बकेटमध्ये, पब्लिक लिंकवर. यूआरएलमधलं "स्मॉल" खोडून "ओरिजिनल" लिहिलं की हजर!

याच्या नेमकं उलट उदाहरण आहे आयनॅचरलिस्टचं. पक्षी, झाडं, किडेमुंग्या यांच्या नोंदी करायची साइट, आमच्या ऑफिसातले दोन बेडूकवेडे त्यावर पडीक असतात. तिथे एखाद्या संकटग्रस्त प्रजातीचा फोटो टाकला की साइट खरे अक्षांश-रेखांश आपोआप झाकते आणि ०.२ अंशाच्या चौकोनात, म्हणजे वीसएक किलोमीटरच्या टापूत कुठेतरी एक ठिपका दाखवते. शिकारी आणि तस्कर पोचू नयेत म्हणून. कोणाला काही दाबावं लागत नाही, कोणी बिझनेस व्हॅल्यू विचारली नाही. एका बेडकाला जेवढं संरक्षण न मागता मिळतं तेवढं माझ्या मावसबहिणीला मिळत नाही, आणि आम्ही स्वतःला प्रॉडक्ट इंजिनिअर म्हणवतो.

कायद्याचं काय, असं कोणी विचारेल. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, अंमल टप्प्याटप्प्याने. उत्तम. पण त्यात एक कलम असंही आहे की जी माहिती माणसाने स्वतःहून सार्वजनिक केली तिला हा कायदा लागू नाही. आता मला सांगा, फोटो सार्वजनिक टाकणाऱ्याने त्याच्या पोटातला पत्ता "स्वतःहून" सार्वजनिक केला का? वकील मंडळी यावर भांडतील आणि फी घेतील. मी म्हणेन, ज्याला पत्ता आत आहे हे माहीतच नव्हतं त्याने तो दिला असं म्हणणं म्हणजे पाकीट मारल्यावर "तुम्हीच खिशात ठेवलं होतंत" म्हणण्यासारखं आहे.

शिवाय आपल्याकडे सरकारी खाक्याच असा, की जिओटॅग म्हणजे प्रामाणिकपणा. घरकुलाचा हप्ता हवा, जिओटॅग फोटो. शाळेत वृक्षारोपण केलं, जिओटॅग फोटो. फोटोवरच नकाशा, पत्ता आणि अक्षांश-रेखांश छापणारी ती कॅमेरा अॅप शिक्षकांच्या आणि ग्रामसेवकांच्या फोनमध्ये हमखास सापडतात. त्यातून पोरांचे शाळेतले फोटो पत्त्यासकट ग्रुपांवर फिरतात. रोजगार हमीच्या मजुरांची हजेरीसुद्धा अशाच फोटोंनी घ्यायची असं २०२३ च्या जानेवारीपासून सक्तीचं झालं होतं. भ्रष्टाचार थांबावा हा हेतू. पुढे २०२५ मध्ये केंद्रालाच परिपत्रक काढून सांगावं लागलं की फोटोचा फोटो काढून अपलोड केला जातोय.

यातच एक मोठी विसंगती आहे. एक्झिफला काही कुलूप नसतं, फुकटच्या सॉफ्टवेअरने त्यात हवं ते लिहिता येतं. माझ्या हॉलमधला फोटो मी दोन मिनिटांत रायगडावर नेऊन ठेवीन, तारीखही हवी ती घालीन. म्हणजे ज्याला फसवायचंय त्याच्यासाठी ही माहिती बदलणं पोरखेळ, आणि जो प्रामाणिक, बेसावध आहे त्याच्याबद्दल मात्र ती तंतोतंत खरी.

"पण आठवणींचं काय?" हा आक्षेप मला मान्य आहे. २०१६ च्या हरिश्चंद्रगड ट्रेकचे फोटो नकाशावर टिंब-टिंब बघायला मलाही आवडतं. म्हणून वही जाळा असं मी म्हणतच नाहीये. मूळ फोटो तुमच्या हार्ड डिस्कवर वहीसकट सुखाने राहू दे. कधी पोलिसात तक्रार करायची वेळ आली तर मूळ फाइलच लागेल, तिला हात लावू नका. बाहेर जाते ती प्रत साफ असावी, इतकंच.

आणि ते करायला कष्ट नाहीत. विंडोजमध्ये फोटोवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डीटेल्स, आणि तळाशी बारीक अक्षरात "रिमूव्ह प्रॉपर्टीज अँड पर्सनल इन्फर्मेशन". ते साफ प्रत वेगळी करून देतं. फोनवर कॅमेऱ्याची लोकेशन परवानगी काढली की पुढचे फोटो कोरेच निघतील, मागचे मात्र तसेच. शेकड्याने फोटो असतील तर एक्झिफटूल. फिल हार्वे नावाच्या माणसाने २००३ पासून लिहिलेलं, फुकट, आणि या विषयातलं शेवटचं कोर्ट. कमांड द्यायची "एक्झिफटूल, हायफन ऑल, बरोबरचं चिन्ह" आणि पुढे काहीच नाही, म्हणजे सगळे रकाने रिकामे. फक्त एक लक्षात ठेवा, ते मूळ फाइल नावापुढे "ओरिजिनल" लावून शेजारीच ठेवतं. उत्साहात अख्खा फोल्डर झिप करून पाठवलात तर मेहनत पाण्यात.

स्क्रीनशॉट काढून तो पाठवणं हा गावठी उपायही चालतो, त्यात लोकेशन नसतं. पण त्याचाही किस्सा आहेच. २०२३ च्या मार्चमध्ये उघड झालं की पिक्सेल फोनवर क्रॉप केलेल्या स्क्रीनशॉटमध्ये कापलेला भाग फाइलच्या शेवटी तसाच राहायचा आणि परत काढता यायचा. विंडोजच्या स्निपिंग टूलमध्येही हाच घोळ निघाला. दुरुस्ती झाली, पण आधी पाठवलेले स्क्रीनशॉट ज्यांच्याकडे गेले त्यांच्याकडे ते तसेच.

आता तुमच्यातला तो एक जण (प्रत्येक ऑफिसात असतो) म्हणेलच, की मेटाडेटा काढून काय उपयोग, आता एआय नुसतं चित्र बघून जागा ओळखतं. २०२५ मध्ये चॅटजीपीटीच्या नव्या मॉडेलला फोटो देऊन जागा ओळखायला लावायचा खेळ चालला होता, मीही खेळलो. हॉटेलचं मेनूकार्ड, रस्त्यावरचा बोर्ड, खिडकीतून दिसणारी टेकडी असेल तर ते बऱ्यापैकी जवळ जातं. पण पांढऱ्या भिंतीसमोर साडी नेसून उभ्या असलेल्या मुलीच्या फोटोवरून ते फार तर "भारत, बहुधा महाराष्ट्र" म्हणेल. बिल्डिंगवर टाचणी लावणार नाही. चोर भिंत चढू शकतो म्हणून कोणी दार उघडं टाकून झोपत नाही.

आमचं ते तिकीट अजून बॅकलॉगमध्येच आहे. सोमवारी प्लॅनिंग आहे. या वेळी मी बिझनेस व्हॅल्यूच्या रकान्यात काही लिहिणार नाही. मीटिंगमध्ये आमच्याच साइटवरचा, मी स्वतः टाकलेल्या जुन्या टेबलाचा फोटो स्क्रीनवर उघडीन, त्यातले आकडे नकाशात टाकीन, आणि माझं घर सगळ्यांना दाखवीन. मग विचारीन, इथे बसलेल्यांपैकी अजून कोणाकोणाचे फोटो या साइटवर आहेत?